अंथरुणातलं दही

डाव्या हातात झाकण लावलेलं भांडं सांभाळत तिने उजवा हात रजईखाली सारला, कोपरापर्यंत आत नेला आणि तिथेच ठेवला. रोग्याच्या पोटावर हात ठेवून डॉक्टर जसे छताकडे बघतात, तशी ती छताकडे बघत राहिली. मग हात बाहेर काढून तिने गालाला लावून पाहिला.

"गार आहे," ती म्हणाली.

"आत्ताच तर उठून गेला," स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज आला. "जरा आधी आली असतीस तर दारातच भेट झाली असती. धड जेवलासुद्धा नाही, तसाच पळाला. त्यात मी मेलीने खिडकी उघडली, खोलीत हवा खेळावी म्हणून."

खिडकी बंद होती. पण उघडलेली खिडकी बंदही करता येते, त्यामुळे तिने तिकडे लक्ष दिलं नाही. उशीला मधोमध खड्डा होता, चादरीला वळ्या होत्या, रजईचा एक कोपरा जमिनीला टेकला होता. झोपून उठलेल्या माणसाने मागे ठेवायला हवं ते सगळं जागच्या जागी होतं, फक्त ऊब तेवढी तो बरोबर घेऊन गेला होता. तिने भांड्याला जुना टॉवेल गुंडाळला, ते खड्ड्यात बसवलं आणि आजारी पोराला पांघरावी तशी रजई त्याच्यावर ओढली.

त्या घरात दही अंथरुणात लागत असे. यात कोणाची काही श्रद्धा नव्हती. घर तळमजल्यावर होतं, भिंती दगडी होत्या, आणि थंडीच्या दिवसांत लोणी कापायला सुरी घ्यावी तर सुरी धरायला हातमोजा लागे. दूध तापवावं, करंगळी बुडवली तर पोळू नये आणि गारही लागू नये इतपत निवू द्यावं, चमचाभर विरजण घालून हलक्या हाताने ढवळावं, इथवर सगळ्या जगाचं सारखंच. पुढे भांड्याला निवांत ऊब हवी. लोक ते चुलीशेजारी ठेवतात, पिठाच्या डब्यात पुरतात. हिच्याकडे एक नवरा होता.

नवरा छापखान्यात रात्रपाळीला होता. ती पहाटे कामावर निघायची, तो त्यानंतर घरी यायचा, आणि ती दुपारी परत यायची तेव्हा तो डोळे चोळत उठायचा. त्या दोघांचं अंथरूण एकच होतं, वेळ तेवढी वेगळी. लग्नानंतरच्या पहिल्याच थंडीत तो उठल्यावर अंथरूण आवरायला म्हणून तिने रजई उचलली, तर आत नुकत्या भाजलेल्या पावासारखा ऊबदार खळगा. तिने गंमत म्हणून त्यात दुधाचं भांडं ठेवलं. रात्री काढलं तर दही असं लागलेलं, की चमचा उभा केला तर उभाच राहावा. त्या दिवसापासून त्या खळग्याला नोकरी लागली.

तिने स्वतःच्या उबेवरही एकदा दही लावून पाहिलं होतं. पहाटे उठल्या उठल्या भांडं आत सरकवलं आणि कामावर गेली. सकाळी नवरा पाळीवरून आला, दिवा न लावता बसला, तो भांड्यावरच. तो प्रयोग तिथेच संपला. सासूबाईंची बाज कोपऱ्यात होती, पण दुधाशी शेजार करायला त्यांनी साफ नकार दिला. "मला रात्री कूस बदलायची असते," त्या म्हणाल्या होत्या. "जन्मभर नवऱ्याला सांभाळून झोपले, आता दह्याला सांभाळून झोपू?"

आणि दही हवं असायचं ते त्यांनाच. दात गेले होते, पोटात जळजळ होती, आणि डॉक्टरांनी दोन्ही वेळा दही खायला सांगितलं होतं. बाजारचं दही त्यांच्या जिभेला चालत नसे. एकदा चाखून त्यांनी निकाल दिला होता, "खडू कालवलाय."

तर असं ते दही हल्ली लागत नव्हतं.

ते नासत नव्हतं, तार सुटत नव्हती, पाणीही होत नव्हतं. रात्री झाकण काढलं की दूध आपलं दुपारी होतं तसंच, चवीला जरा आंबट झालेलं. सासूबाई चमचा बुडवायच्या, उचलायच्या, त्यावरून ओघळणारी धार वाटीत पडेपर्यंत बघायच्या आणि उसासा टाकायच्या.

"हात उतरला तुझा. असतं असं. काही बायकांच्या हाताला दही लागतं, काहींच्या लागायचं थांबतं."

"हात तोच आहे, आई."

"मग मन नसेल."

दूधवाल्याला विचारलं तर त्याने गाईची शपथ घेतली. गाय समोर नसल्यामुळे ती खरी मानावी लागली. विरजण बदलून झालं, भांडं बदलून झालं, दूध जास्त आटवून झालं. सासूबाईंकडे रोज नवं कारण तयार असे. ढगाळ हवा, पाणचट दूध, झाकणाचा पत्रा, सुनेची घाई. खापर फोडायला त्यांना डोक्यांची कधी वाण पडली नाही, फक्त एका डोक्याजवळ त्या कधी गेल्या नाहीत.

नवऱ्याची जादा पाळी सुरू झाली ती साधारण याच सुमारास. छापखान्यात नवं यंत्र आलं होतं आणि ते म्हणे त्याच्याशिवाय कोणाचं ऐकत नव्हतं. त्यामुळे तो दुपारी ती यायच्या आतच उठून जायचा आणि तिथूनच रात्रपाळीला बसायचा. तिच्या सुटीचा दिवस सोडला तर तिला तो दिसत नव्हता. मोरीत त्याचं ताट असायचं, दोरीवर टॉवेल असायचा, आणि अंथरुणात खळगा. भांडं ठेवण्याआधी ती त्या खळग्यात हात घालायची तो काही नुसता दह्यासाठी नसायचा. पण हे सांगायचं कोणाला, आणि कोणत्या तोंडाने? लग्नाला इतकी वर्षं झालेल्या बाईने नवऱ्याच्या अंथरुणाची ऊब चाचपावी, ही काही सांगण्यासारखी गोष्ट नव्हे. दह्याचं निमित्त बरं होतं.

ती एका लॉजमध्ये खोल्या आवरायची. तिच्या जोडीला जी बाई होती तिला सगळे रेडिओ म्हणत, कारण ती सकाळी सुरू व्हायची ती एकदम दुपारीच बंद व्हायची.

"थर्मास घे गं एक," गादीवरची चादर खेचत रेडिओ म्हणाली. "कोमट दूध घाल, विरजण घाल, झाकण पिळ. संध्याकाळी दही. त्याला नवरा लागत नाही."

"बघू."

"बघू काय? माझ्या बहिणीचा नवरा तिकडे आखाती देशात. दही काय लागायचं थांबलंय तिचं?"

ती हसली आणि पलंगाच्या दुसऱ्या बाजूची उशी उचलता उचलता थांबली.

"काल इथे एकच जण झोपला," ती म्हणाली.

"छे! दोघं होती. मी पाहिली ना, नवीनच लग्न झालेली दिसत होती."

"असतील दोघं. बाई खुर्चीत बसून होती. ही उशी बघ, मुठीने ठोकलेली आहे. हिच्यावर डोकं टेकलेलं नाही."

"उशी ती उशी."

"ठोकलेल्या उशीचा खड्डा मधोमध असतो. माणूस काही असा मधोमध झोपत नाही."

रेडिओ क्षणभर बंद पडली, म्हणजे तिला ते पटलं असावं. लोकांच्या चादरी वाचण्यात हिचा हात धरणारं त्या लॉजमध्ये कोणी नव्हतं. कोण भांडलं, कोण रडलं, कोणाला रात्रभर झोप नव्हती, ती सगळं सांगायची आणि मग सगळं एका बोचक्यात बांधून धुवायला टाकायची. दुपारी निघताना ॲप्रन खुंटीला टांगायची आणि हे ज्ञानही त्याच खुंटीला टांगून घरी यायची.

थर्मास तिने घेतला नाही. थर्मासमध्ये दही लागलंही असतं, पण मग रजईखाली हात घालायला कारण उरलं नसतं.

तिच्या सुटीच्या दिवशी नवरा आला. चांगला भरल्या गालाचा दिसत होता, दाढी गुळगुळीत, आणि जादा पाळी अंगाला लागलेली दिसत होती. जेवण झाल्यावर तो आडवा झाला आणि घोरायला लागला. उंच माणूस, पाय पलंगाबाहेर जायचे. तिने सकाळी गादीखाली खोचलेली चादर त्याने झोपेत नेहमीप्रमाणे लाथा मारून उपटून काढली. ती दारात उभी राहून बघत होती. चार वाजता तो उठला, तिने लगबगीने भांडं आत ठेवलं, आणि त्या रात्री दही लागलं.

"बघितलंस?" सासूबाई वाटीत चमचा रोवत म्हणाल्या. "दूध चांगलं होतं आज."

"दूध कालचंच आहे, आई."

"मग मुरलं असेल."

नवरा रात्रपाळीला निघायला बूट घालत होता. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"एक सांगू का? रोज जरा उशिरा उठत जा ना. मी येईपर्यंत पडून राहायचं. दोन शब्द बोलणं तरी होईल."

त्याने बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली. मग आईकडे बघितलं. आई वाटीकडे बघत होती.

"यंत्र थांबत नाही गं," तो म्हणाला.

"पोराला दमवू नकोस," सासूबाई म्हणाल्या. "आधीच किती करतो बिचारा."

पुढचा आठवडा पुन्हा तसाच गेला. खळगा होता, वळ्या होत्या, ऊब नव्हती, दही नव्हतं. सासूबाईंचं पोट दुखू लागलं. त्या रात्री भिंतीकडे तोंड करून कण्हत होत्या. तिने पाणी गरम करून दिलं, पाठ चोळली आणि म्हणाली,

"उद्या मी रजा टाकते."

कण्हणं थांबलं.

"कशाला?"

"घरीच थांबते. हे आले की जेवायला वाढीन, झोपू दे, आणि उठले की त्याच क्षणी भांडं ठेवीन. मग बघू कसं लागत नाही ते. ह्यांची भेटही होईल."

"अगं वेडी का काय तू?" सासूबाई उठून बसल्या. पोटात दुखणाऱ्या माणसाच्या मानाने त्या बऱ्याच चपळाईने बसल्या. "दह्यासाठी कोणी रजा टाकतं? तो दमून येणार, तू समोर बसलीस तर झोपेल का तो? मी सांगते ना त्याला. उद्या मी त्याला लवकर उठूच देणार नाही. बघच तू."

"ऐकतील ते?"

"आईचं नाही ऐकणार? न ऐकून सांगतोय कोणाला!"

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने रजईखाली हात घातला आणि चटका बसल्यासारखी ती दचकली. आत ऊब होती. चांगली, दाट, मुरलेली ऊब.

"आत्ताच उठला," सासूबाई म्हणाल्या. त्यांना किंचित धाप लागली होती. "कोपऱ्यापर्यंत गेला नसेल अजून."

ती भांडं तसंच ठेवून दाराबाहेर धावली, कोपऱ्यापर्यंत गेली, वळणावर उभी राहून दोन्हीकडे बघून आली. तो दिसला नाही. पण तिला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. ती परत येऊन अंथरुणाशी बसली आणि दूध निवेपर्यंत हात आतच ठेवून राहिली.

दही लागलं. दुसऱ्या दिवशीही लागलं, त्यानंतरही लागलं. सासूबाईंची जळजळ थांबली. घरात इतकी शांतता आली की त्यांनी सुनेच्या हाताची शेजारणीपाशी स्तुती केली, आणि शेजारीण घरी जाऊन बराच वेळ गप्प बसली. सून कामावर गुणगुणायला लागली. पलंगाला चादर घालता घालता एक दिवस तिने रेडिओला विचारलं, बाजारात पुरुषांचे लोकरीचे मोजे कुठे चांगले मिळतात.

"ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस," रेडिओ म्हणाली. "नवरा परत तुझ्या वेळेवर आलाय ना?"

"भेट नाही होत अजून. पण माझ्यासाठी उशिरापर्यंत पडून राहतात."

हे बोलताना ती लाजली. रेडिओने तिच्याकडे पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मग चादरीचं दुसरं टोक पकडलं.

मोजे तिने घेतले. करड्या रंगाचे, घोट्याच्या वर येणारे. त्या दुपारी दूध निवायला ठेवून ती खोलीत आली. मोजे अंथरुणातच, पायांकडच्या बाजूला ठेवावेत असं तिने ठरवलं होतं. सकाळी तो आडवा झाला की पायाला लागतील, त्याला हसू येईल. ती पलंगाच्या खालच्या बाजूला गेली, वाकली आणि रजईखाली हात घातला.

तिथे गार होतं.

नुसतं गार नव्हतं. चादर ताणलेली होती. तिने सकाळी कामाच्या सवयीने कोपरा दुमडून गादीखाली खोचला होता, तो दुमडलेल्या धारेसकट जसाच्या तसा होता. तिने दुसरा कोपरा चाचपला. तोही. हात हळूहळू वर सरकवत नेला. अर्ध्या गादीपर्यंत सगळं सपाट आणि थंड, आणि मग एकदम ऊब. लहानशी, गोल, गुडघे पोटाशी घेऊन झोपलेल्या माणसाएवढी. तिने उशीला नाक लावलं. सांधेदुखीच्या मलमाचा वास.

ती सरळ उभी राहिली. लॉजमधली खोली असती तर तिने दारातूनच सांगितलं असतं.

मोजे तिने कागदात गुंडाळून परत पिशवीत ठेवले. स्वयंपाकघरात जाऊन दुधात करंगळी बुडवली. दूध बेताचं निवलं होतं. विरजण घातलं, ढवळलं, झाकण लावलं, टॉवेल गुंडाळला, आणि भांडं नेऊन त्या लहानशा उबेत बरोबर मधोमध बसवलं. रजई ओढली. आठवड्याभराच्या शिस्तीने सगळं केलं. हात तेवढा आत ठेवला नाही.

सासूबाई स्वयंपाकघरात पाटावर बसून मटार सोलत होत्या. केसांचा अंबाडा एका बाजूला चेपला होता.

"ठेवलंस का गं? आत्ताच उठला. कोपऱ्यापर्यंत—"

"ठेवलं."

"लागेल ना आज?"

"लागेल." ती त्यांच्यासमोर खाली बसली. ताटातली एक शेंग उचलली, पण सोलली नाही. "उद्या पडाल तेव्हा पाय जरा लांब करा, आई. खालची बाजू गार राहते."

सासूबाईंच्या बोटांतली शेंग उघडीच राहिली. त्यातला एक दाणा सुटला, फरशीवरून घरंगळत कपाटाखाली गेला. दोघींनी तो जाताना पाहिला. कोणी उठलं नाही.

"गुडघे मेले लांब होत नाहीत," सासूबाई म्हणाल्या. "थंडीत तर नाहीच."

बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"मी त्याला म्हटलं होतं, तूच सांग तिला. म्हटलं, मला मध्ये घेऊ नकोस. तर म्हणतो, सांगतो, सांगतो." त्यांनी शेंगेची साल दुमडली, पुन्हा दुमडली. "तुला कळलं असतं तर तू निघून गेली असतीस. मग माझं कोण होतं इथे?"

तिने हातातली शेंग सोलली, दाणे ताटात टाकले, साल बाजूला ठेवली.

"कुठे राहतात?" तिने विचारलं.

"मला काय ठाऊक? मी काही गेले नाही." सासूबाई थांबल्या. मग, जे बोलायचं नाही ते सोडून बाकी बोलायला हरकत नाही असं ठरवल्यासारख्या म्हणाल्या, "वरचा मजला आहे म्हणे. दिवसभर ऊन येतं म्हणाला."

"मग तिथे दही आपोआप लागत असेल," ती म्हणाली, आणि तिने दुसरी शेंग घेतली.